पंचाच्या घरची जोडी

बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठली, आता पट पुन्हा भरणार, अशी बातमी आली तेव्हा आमच्या गावात फटाके फुटले. मी ओसरीवर पोपटीच्या शेंगा सोलत बसलो होतो. बायको म्हणाली, "चला, गावात जीव आला." मी म्हणालो, "आणि आपला जाणार." ती माझ्या अशा बोलण्याकडे लक्ष देत नाही, म्हणूनच आमचा संसार टिकला आहे.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धान कापून, चुरून घरात आलं की आमच्या सिहोऱ्याच्या भागात गावोगाव पट भरायचे. शेजारी शेजारी असलेल्या बांधींच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, पाळी फोडायच्या, जमीन सपाट करायची आणि दोन लांब धावपट्ट्या काढायच्या. त्यांना दाण म्हणतात. दोन दाणींवर दोन जोड्या एकदम सुटतात, जिंकेल ती पुढच्या फेरीला जाते आणि शेवटी एक उरते. एवढी साधी गोष्ट. पण तिच्यासाठी गाव महिनाभर जेवणखाण विसरतं. पाहुणे येतात, माहेरवाशिणी येतात, नाटक लागतं, सोयरिकी जुळतात. मला यातल्या कशाचंच वावडं नाही. वावडं आहे ते पटाच्या नावावर सगळी कामं पुढे ढकलण्याचं. "पट होऊ दे, मंग बोलू" हे उत्तर आमच्याकडे कशालाही चालतं. जमिनीची मोजणी असो, भावाभावांची वाटणी असो, घरावरची कवेलू फेरायची असोत. त्यातून ज्याची जोडी धावणार आहे त्याच्यासमोर तर पटाआधी एकही वाकडा विषय काढायचा नाही, असा रिवाजच आहे. मालकाचं मन बिथरलं की बैलांना ते कळतं आणि बैल दाण सोडून आडवे धावतात, अशी पक्की समजूत. मास्तर मानतात, तलाठी मानतात, माझी बायकोही मानते.

याच रिवाजात त्या वर्षी माझी मुलगी अडकली.

तिनं नर्सिंग केलं होतं. आदल्या वर्षी तिचं लग्न मोहाडीजवळच्या एका गावात लावून दिलं. जावई कामाचा, शांत, पण बापासमोर मान वर न करणारा. नोकरी लागली तर करू द्यायची, हे बैठकीतच ठरलं होतं. तेव्हा व्याही छाती काढून म्हणाले होते, "काहून नाही? आमी काय जुन्या जमान्याचे आहो?" आणि मग भंडाऱ्याच्या एका दवाखान्यातून तिची ऑर्डर आली. पटानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. तिनं ती ऑर्डर सासऱ्यांपुढे धरली. ते आमच्या गावच्या पटात पळणाऱ्या बैलांचे पाय कोमट पाण्यानं शेकत होते. कागदाकडे न बघताच म्हणाले, "पट होऊ दे, मंग बोलू."

मुलीचा मला फोन आला. "बाबा, तुमी बोला ना त्याईच्याशी."

माझं डोकंच फिरलं. मोहाडी ते भंडारा म्हणजे काय परदेश आहे? दिवसभर गाड्या धावतात. रात्रपाळीची अडचण असेल तर समोरासमोर बसून मार्ग काढता येतो. पण एका शिकलेल्या मुलीची नोकरी दोन बैलांच्या खुरांत अडकवून ठेवायची, हे कोणत्या शास्त्रात बसतं? मी तडक निघालो होतो. बायकोनं दारातच अडवलं. "पटाच्या तोंडावर जाऊन राहिले तुमी? उद्या त्याईची जोडी हरली तं खापर कोणाच्या डोक्यावर फुटन? आपल्या पोरीच्याच ना?" मी चडफडत माघारी फिरलो.

तेवढ्यात आमच्या गावच्या पट समितीनं मला पंच केलं.

मी एसटीत कंडक्टर होतो. तुमसरहून सिहोरा, बपेरा ही गाडी मी उभ्या आयुष्यात किती वेळा केली असेल, सांगता येणार नाही. आता निवृत्त होऊन घरी होतो. समितीचा अध्यक्ष, वयानं माझ्या पुतण्यासारखा, घरी आला आणि म्हणाला, "काका, शेवटच्या रेषेवरची झेंडी तुमच्याच हातात पायजे."

"मीच काहून?"

"तुमी कोणाचंच ऐकत नाही ना जी."

हे कौतुक होतं की तक्रार, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. खरं कारण वेगळं होतं. समितीत दोन गट होते आणि दोन्ही गटांना मी सारखाच नकोसा होतो, म्हणून माझ्या नावावर एकमत झालं. मी सांगितलं की माझ्या व्याह्यांची जोडी पळणार आहे, मी पंच कसा चालेन? तो हसायला लागला. "काका, ह्या पट्ट्यात कोणाचाच सोयरा नाही असा माणूस भेटला तं मले दाखवा. त्याले आपण पंच नाही, पाटील करू."

मग त्यानं नियमांचा कागद माझ्या हातात दिला. पूर्वी असलं काही नव्हतं. आता प्रत्येक बैलाचा डॉक्टरी दाखला हवा, सगळ्या फेऱ्यांचं व्हिडिओ शूटिंग हवं. धुरकऱ्याच्या, म्हणजे छकडा हाकणाऱ्याच्या, हातात काठी नको, चाबूक नको, तुतारी नको. तुतारी म्हणजे टोकाला खिळा बसवलेली काठी, ती टोचली की बैल जिवाच्या आकांतानं पळतो. तुतारी सापडली की जोडी जागच्या जागी बाद. आणि हे सगळं आम्ही पाळू याची हमी म्हणून सरकारकडे मोठी अनामत भरायची. नियम मोडला तर अनामत गेली आणि पुढच्या वर्षीची परवानगीही गेली. मला तो कागद आवडला. इतक्या वर्षांत गावात कोणीतरी स्पष्ट मराठीत काहीतरी लिहिलं होतं.

मी विचारलं, "अनामत भरली?"

"भरली ना जी."

"कुठून आणली एवढी रक्कम?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. हळूहळू मला पटाचं सगळं अर्थशास्त्र कळलं, आणि कळलं नसतं तर माझी झोप तरी नीट झाली असती. जोड्यांच्या मालकांकडून प्रवेश फी येते, ती मंडप आणि भोंग्यात जाते. दुकानांचं भाडं येतं, ते पाहुण्यांच्या चहात जातं. देणगीदार माईकवरून मोठमोठे आकडे जाहीर करतात, टाळ्या घेतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन लागत नाही. पहिलं बक्षीस म्हणून हार घालून मंडपात उभी केलेली मोटारसायकल अजून दुकानदाराचीच होती. मग पट उभा राहतो कशावर? पैजेवर. बपेऱ्याच्या पुलापलीकडून, मध्य प्रदेशातून माणसं येतात, तुमसरहून येतात, नागपूरहूनही येतात. प्रत्येक फेरीवर लावतात. आणि लागलेल्या प्रत्येक पैजेतून समिती आपला वाटा बाजूला काढते. त्याला नाल म्हणतात. नाल आगाऊ देणारे काही लोक होते, त्यांच्याकडून घेऊनच अनामत भरली होती.

मी डोक्याला हात लावला. "म्हणजे आमी नियम पाळू, ह्याची हमी आपण जुगाराच्या पैशातून भरली?"

"तसं नोका म्हणू, काका. पैज बंद केली तं पट बंद पडते. पट बंद पडला तं नियम कोणाले लावसान?"

मी इतक्या वर्षांत बसमध्ये बिनातिकिटाच्या माणसांच्या नाना तऱ्हा ऐकल्या होत्या, पण हा सगळ्यांच्या वर होता. समितीनं मैदानात मोठा फलकही लावला होता, "येथे जुगार खेळण्यास सक्त मनाई आहे." पैज घेणारे नेमके त्याच फलकाखाली सतरंजी टाकून बसले, कारण उन्हात तेवढीच सावली होती.

पटाच्या आदल्या दिवशी दुपारी व्याह्यांचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला. मागे दोन पांढरेशुभ्र बैल, पुढे व्याही, जावई आणि माझी मुलगी. पटाला सोयऱ्याच्या गावी आलं की सोयऱ्याच्याच घरी उतरायचं, ही आमच्याकडची रीत. दुसरीकडे उतरले असते तर भांडण झालं असतं. बायकोनं गोठा आधीच झाडून, ताजं तणस पसरून ठेवलं होतं. "जयभीम, इवाई!" व्याही उतरता उतरताच म्हणाले, "पहिले बैलायले पाणी दाखवा, आपलं मंग पाहू."

मुलगी माझ्याजवळ आली आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "बाबा, अजून काहीच बोलले नाही ते." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला तिची इतकी कीव आली आणि स्वतःचा इतका राग आला की मी उगाच गोठ्यात जाऊन पाण्याची बादली हलवत उभा राहिलो.

तासाभरात गावात बोभाटा झाला. पंचाच्या घरी जोडी उतरली! मला वाटलं आता लोक माझ्या निःपक्षपातीपणावर शंका घेतील, तक्रार करतील, मला पंच म्हणून काढतील आणि मी सुटेन. तसं काहीच झालं नाही. लोकांनी तक्रार केली नाही, लोकांनी पैसे लावले. संध्याकाळपर्यंत व्याह्यांच्या जोडीवर एवढी पैज चढली की जिंकल्यास मिळणारा भाव कोसळला. मी किराणा आणायला निघालो तर जो भेटेल तो डोळा मारून जायचा. एक अनोळखी गृहस्थ तर मोटारसायकल थांबवून म्हणाले, "काकाजी, अपनी ही जोडी पे लगाया है, देख लेना."

"माझी जोडी नाही ती!" मी ओरडलो.

"हां हां, समझ गया," ते म्हणाले आणि हसत निघून गेले.

मी अध्यक्षाकडे जाऊन सरळ सांगितलं की मी पंच राहणार नाही. तो घाबराघुबरा झाला. म्हणाला, "आता तुमी सोडलं तं लोक म्हणतीन समितीनं जोडीले पाडाले पंच बदलला. डोकी फुटतीन, काका." राहिलो तर मी विकलेला, सोडलं तर समिती विकलेली. बैलांची जनावरं म्हणून तपासणी करतात, माणसांचीही एकदा करायला हवी होती.

रात्रीच्या जेवणाला बायकोनं लाखोरीच्या डाळीचे वडे आणि कोंबडीचा रस्सा केला होता. मुलगी वाढत होती. तिची माझ्याकडे सारखी नजर जायची. शेवटी मीच विषय काढला. "इवाई, पोरीच्या त्या ऑर्डरचं—"

स्वयंपाकघरातून बायको जोरात खोकली. व्याह्यांनी हात वर केला. "पट होऊ द्या, इवाई. आता बैल गोठ्यात उभे आहेत. त्याईच्यापुढं टेन्शनच्या गोष्टी नोको." बैल वीस हातांवर शांतपणे रवंथ करत होते. टेन्शन सगळं ताटांभोवती होतं. जावई खाली मान घालून भात कालवत राहिला. त्याच्या बायकोचा प्रश्न, त्याच्या बापाचा नकार, आणि हा माणूस रश्श्यात भात कालवतो आहे! मला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. पण जावयाला धपाटा घालायची आमच्याकडे रीत नाही.

पुढे व्याही जे बोलले ते मात्र मी नीट ऐकलं. बोटं चाटत ते खुशीत म्हणाले, "पहिला नंबर आला ना इवाई, तं उद्या माया तोंडातून कशालेच 'नाही' निंगणार नाही." मुलीचा चेहरा उजळला. जावयानं पहिल्यांदाच मान वर केली. बायको तर तिथल्या तिथे देवाला, बुद्धाला, जो आठवेल त्याला हात जोडायला लागली. आणि मी, ज्याच्या हातात उद्या झेंडी असणार होती, तो समोर बसून वडा गिळत होतो.

पटाचा दिवस. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, मध्ये धूळ, भोंग्यावर न मिळणाऱ्या देणग्यांची नावं. माझ्याकडे दोन झेंड्या होत्या, निकाल बरोबर असेल तर पांढरी, जोडी बाद असेल तर लाल. दिवसभर मी पांढरीच दाखवली. एक-दोन ठिकाणी काठी दिसली, मी दम दिला, ती खाली पडली. व्याह्यांची जोडी खरंच देखणी पळत होती, हे मी कबूल करतो. जावई छकड्यावर वाकून नुसता आवाजानं त्यांना हाकायचा. घरी न बोलणारा माणूस तिथे असा काही ओरडायचा की ओळखू येत नव्हता. एकेक फेरी करत ती जोडी शेवटच्या फेरीत आली. समोर होती पुलापलीकडची, काळ्या बैलांची जोडी, तिचाही मोठा दबदबा होता.

शेवटची फेरी सुटली. अर्ध्या दाणीपर्यंत काळे बैल पुढे होते. मग अचानक पांढऱ्यांनी अशी उसळी घेतली की लोकांनी टोप्या उडवल्या. रेषेवर पांढरी जोडी हातभर पुढे आली. व्याही मंडपातून धावत सुटले. मी पांढरी झेंडी उचललीच होती, तेवढ्यात बैल माझ्यासमोर येऊन थांबले आणि उजव्या बैलाच्या शेपटीच्या मुळाशी मला लाल दिसलं. पांढऱ्या कातडीवर ताजं रक्त, ठिपक्यांनी.

मी जवळ गेलो. जावयाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"हात दाखवा, जवाईबापू."

त्यानं हात पुढे केला. जराही आढेवेढे घेतले नाहीत. चिंधीच्या घडीत घासून टोकदार केलेला खिळा होता. त्यानं "लागलं आहे, मामाजी" एवढं खोटं सांगितलं असतं आणि हात मागे घेतला असता, तर मी काय केलं असतं कोणास ठाऊक. मला माझी मुलगी आठवली नाही असं मी म्हणणार नाही. आठवली. बायकांच्या बाजूला ती उभी होती, टाचा उंचावून इकडेच बघत होती. पांढरी दाखवली की तिचा सोमवार तिचा. लाल दाखवली की सगळं मुसळ केरात. पण समोर रक्त होतं, त्या मुक्या जनावराच्या पाठीवर थरथर उठत होती, आणि कागदावर जे लिहिलं होतं ते मला पाठ होतं. मी लाल झेंडी वर केली.

पुढे जे झालं त्याला गोंधळ म्हणणं म्हणजे फार सभ्य बोलणं झालं. काळ्या जोडीवाल्यांनी गुलाल उधळला. बाकी सगळं मैदान माझ्यावर चालून आलं. काल डोळा मारून गेलेले गृहस्थ माझी कॉलर धरून विचारत होते, "घर में उतारा, खिलाया-पिलाया, फिर बाद कायको किया?" दुसरा म्हणाला, "बाद कराची होती तं कालच सांगाले पायजे होतं ना, आमी दुसरीवर लावलं असतं." तिसऱ्याला माझ्याकडून भरपाई हवी होती. मी इमानदार निघालो, हा त्यांच्या मते मी त्यांना दिलेला दगा होता. एकालाही त्या बैलाच्या पाठीकडे बघायची फुरसत नव्हती. अध्यक्षानं धावत येऊन मला सोडवलं. मला वाटलं, हा तरी म्हणेल, काका, अनामत वाचवली. तो माझ्या कानाशी लागला आणि म्हणाला, "काका, निकाल फिरला तं नाल परत द्यावी लागते काय? तेवढं माईकवर सांगा ना, की देणार नाही."

व्याह्यांनी मला शिवी दिली नाही. तेच मला जास्त लागलं. ते बैलाजवळ गेले, रक्त बघितलं, मुलाच्या हातातला खिळा बघितला, तो घेऊन धुळीत फेकला आणि बैलांच्या कासऱ्याला धरून आमच्या घराकडे चालू लागले. माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाले, "मले बाजूले घेऊन सांगता आलं असतं, इवाई. झेंडी कायले?"

मी घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अंगणात टेम्पो लागला होता. व्याही बैलाच्या जखमेला हळद लावत होते. बायकोनं जेवणाचा आग्रह केला तर घरात न येता बाहेरूनच म्हणाले, "जेवण नोको. आन् सुनेलेही ठेवा तुमच्याचकडं. इवायाले नियमच प्यारे आहेत, तं नियमासोबतच राहू द्या पोरीले." बायको आत येऊन ढसाढसा रडायला लागली. मला म्हणाली, "तुमचे डोळे एक दिवस मिटले असते तं काय जग बुडालं असतं?"

आतल्या खोलीत जावई भिंतीला टेकून बसला होता. मुलगी त्याच्यासमोर उभी होती. तिला सगळ्यांत पहिले हेच विचारायचं होतं. "काहून केलं तुमी असं? बैल तुमचा जीव की प्राण, ना?"

त्यानं अंगठ्यावरची चिंधी सोडली. मग म्हणाला, "तुयाच साठी केलं. खिळा रात्रीच घासून ठेवला होता, लागला तं म्हणून. अर्ध्या दाणीत समजलं, आपण हरून राहिलो. जिंकलो असतो तं बाबूजी हो म्हणाले असते. रात्री त्याईनं म्हटलं होतं ना."

मी दारातच थांबलो. दिवसभर मला वाटत होतं की तो खिळा बक्षिसासाठी होता, बापाच्या धाकानं होता, फार तर पैजवाल्यांच्या सांगण्यावरून होता. तो माझ्या मुलीच्या नोकरीसाठी होता, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

मुलगी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, ती चिडली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "बैलाले खिळा टोचाची हिंमत होते तुमाले," ती म्हणाली, "आन् बापाले एक शब्द बोलाची होत नाही?"

जावई उठला. तोंडावरून हात फिरवला आणि आमच्या कोणाकडे न बघता बाहेर अंगणात गेला. खिडकीतून त्याचा आवाज स्पष्ट येत होता. आधी थोडा कापरा, मग नीट. "बाबूजी, ही सोमवारी भंडाऱ्याले हजर होऊन राहिली. मी नेऊन सोडतो. तुमाले सांगून राहिलो, विचारून नाही राहिलो."

व्याह्यांनी हळदीची वाटी खाली आपटली. मग त्यांचा आवाज आला, "आन् घरी बैलायले कोण पाहीन?"

"सकाळी तुमी पाहा. सांजच्याले मी येतोच."

सोमवारी त्यानं तिला खरंच नेऊन सोडलं, आणि ती आज त्याच दवाखान्यात आहे. पण त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं की बाहेर तो एकटा बापासमोर उभा आहे आणि आता तरी आपण त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायला हवं. मी दाराकडे वळलो. मुलीनं माझा हात धरला.

"तुमी बसा, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "तुमी पटाच्या आदीच बोलाले गेले असते, तं त्याईले खिळा घ्यावा लागला नसता."

मी बसलो.